क्राऊन-पिनियन बदलल्यावर स्पीडोमीटर पुन्हा अचूक कसा करावा

जुन्या जीपच्या डिफरेन्शियलमधील (ओढ डाव्या-उजव्या चाकांना वाटणाऱ्या गिअरसंचातील) ५.३८ गुणोत्तराचे, म्हणजे चाकांच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या घेणारे, क्राऊन-पिनियन (मोठ्या आणि लहान गिअरची जोडी) काढून ४.२७ चे बसवले की हमरस्त्यावर इंजिनाचा आक्रोश थांबतो, त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात आणि गाडी मोकळी धावू लागते. मात्र त्याच दिवसापासून समोरचा स्पीडोमीटर खोटा ठरतो आणि तोही धोक्याच्या बाजूने. गाडी प्रत्यक्षात ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असताना काटा ६३-६४ वर स्थिर असतो. आपण संथ चाललो आहोत अशा समजुतीत चालक वळण घेतो, ब्रेकचे अंतर ठरवतो आणि पुढच्या वाहनाला ओलांडायचा निर्णय घेतो. मीटर पुन्हा अचूक करणे हा डिफरेन्शियलच्या कामाचाच भाग आहे आणि हाऊसिंगचे झाकण बंद करून तेल भरले म्हणजे काम पूर्ण झाले असे मानू नये, असे माझे ठाम मत आहे.

विलिस सीजे-३बी या जीपला ५.३८ चे गुणोत्तर असे आणि त्याच घडणीची जीप महिंद्राने मुंबईत अनेक वर्षे तयार केली. त्यामुळे पुढील विवेचनात उदाहरण म्हणून मुख्यतः याच जातीची गाडी घेतली आहे. हिशेबाची रीत मात्र गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून केबलने मीटर चालवणाऱ्या कोणत्याही गाडीला लागू पडते.

गुणोत्तर उलट दिशेने बदलले, म्हणजे मोठे टायर चढवल्यामुळे किंवा घाटातील ओढीसाठी ४.२७ च्या जागी ५.३८ बसवले, तर मीटर जास्त वेग दाखवतो. त्यात जिवाला धोका नसला तरी किलोमीटरचे आकडे खऱ्यापेक्षा सव्वापट वेगाने पळतात. पहिल्या प्रकारात याच्या उलट होते. प्रत्यक्ष १०० किलोमीटर चाललेली गाडी ७९ किलोमीटर नोंदवते, त्यामुळे लिटरला दहाचे ॲव्हरेज देणारी गाडी आठाचेही देत नाही असे वाटू लागते. मग डिझेल जास्त खाते म्हणून पंप आणि नोझल उघडण्याचा सल्ला मिळतो आणि चांगल्या इंजिनाची विनाकारण उस्तवार होते. क्राऊन-पिनियन बदलल्यानंतर ॲव्हरेज पडल्याची तक्रार आली, तर आधी मीटरचा हिशेब तपासावा.

चूक नेमकी कोठून शिरते हे समजले की उपाय आपोआप स्पष्ट होतो. या जीपमध्ये मीटरची केबल ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागील, पुढच्या-मागच्या ॲक्सलना ओढ वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या आउटपुट शाफ्टवरून निघते. त्या शाफ्टवर थोड्या दात्यांचा एक वर्म (मळसूत्री गिअर) बसवलेला असतो आणि त्याला आडवे भिडलेले मीटर पिनियन हे छोटे गिअर केबल फिरवते. म्हणजे मीटर चाकांच्या फेऱ्या मोजत नसून प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे ट्रान्सफर केसकडून डिफरेन्शियलकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या, फेऱ्या मोजतो. चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या होतात हे डिफरेन्शियल ठरवते, आणि ते मीटरच्या पलीकडे, मागे असल्यामुळे त्यातील बदल मीटरला कळण्याचा मार्गच नसतो. याउलट लो रेंजचा (जास्त ओढीचा, कमी वेगाचा) गिअर आउटपुट शाफ्टच्या अलीकडे असतो, म्हणून लो रेंजमध्ये चिखलातून जातानाही मीटर बरोबरच राहतो.

सगळ्या गाड्यांची रचना अशी नसते. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या अनेक लहान गाड्यांमध्ये मीटरचा गिअर डिफरेन्शियलच्या पिंजऱ्यावरून फिरवला जातो. तेथे शेवटचे गुणोत्तर बदलले तरी मीटरवर परिणाम होत नाही, केवळ टायरचा आकार बदलला तर होतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये केबल थेट पुढच्या डाव्या चाकाच्या हबमधून निघते, तेव्हा तिलाही हा प्रश्न पडत नाही. एबीएसच्या चाकांवरील सेन्सरांकडून वेग घेणाऱ्या आजच्या गाड्याही याच गटातील आहेत. म्हणून काहीही खोलण्यापूर्वी आपल्या गाडीत वेगाची खूण डिफरेन्शियलच्या आधी घेतली जाते की नंतर, हे गाडीखाली जाऊन केबलचा किंवा वायरचा माग काढून पाहावे.

आता मीटरच्या आतील रचना पाहू, कारण दुरुस्ती कोठे करावी याचे उत्तर तेथेच आहे. केबलच्या टोकाशी एक चुंबक फिरतो. त्याच्याभोवती, त्याला न टेकता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे निर्माण होतात, वाटी त्याच दिशेने ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. ओढ आणि स्प्रिंग यांचा जेथे तोल साधतो तेथे काटा थांबतो. जर्मनीतील ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना केबलच्या मीटरांत आजही तशीच आहे. किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांचा या चुंबकाशी मात्र काहीही संबंध नसतो. ते त्याच केबलवरून छोट्या वर्म गिअरांनी दात्याला दाता लावून फिरवले जातात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. काही मीटरवाले चुंबकाची शक्ती कमी-जास्त करून किंवा स्प्रिंग सरकवून काटा बरोबर जागी आणून देतात. काटा सुधारतो, पण किलोमीटरचे आकडे पूर्वीइतकेच चुकत राहतात. शिवाय पुढे कोणी योग्य मीटर पिनियन बसवले की तोच काटा नव्याने चुकू लागतो आणि दोष कोठे आहे हे शोधणे दुप्पट कठीण होते. म्हणून मीटर निरोगी असेल तर त्याला हात लावू नये, त्याच्याकडे येणाऱ्या केबलच्या फेऱ्या दुरुस्त कराव्यात.

त्यासाठी तीन संख्या हव्या असतात. डिफरेन्शियलचे खरे गुणोत्तर, एका किलोमीटरमध्ये चाकाच्या होणाऱ्या फेऱ्या आणि एका किलोमीटरसाठी मीटरला अपेक्षित असलेल्या केबलच्या फेऱ्या. यांतील एकही संख्या ऐकीव माहितीवर घेऊ नये. पंचवीस-तीस वर्षांच्या जीपमध्ये मागच्या मालकांनी काय काय बदलले आहे हे कागदपत्रांवरून कळत नाही.

क्राऊन-पिनियन हातात असेल तर दाते मोजणे सर्वांत सोपे. क्राऊनच्या कडेला दात्यांची जोडी बहुधा ठोकलेली असते. ४३ आणि ८ म्हणजे ५.३७५, ३९ आणि ८ म्हणजे ४.८७५, तर ४७ आणि ११ म्हणजे ४.२७३. डिफरेन्शियल उघडलेले नसेल तर मागचे एकच चाक जॅकवर उचलून फेऱ्या मोजता येतात, पण येथे एका धोक्याकडे लक्ष द्यावे. या जुन्या जीपचा हॅन्डब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर लागतो. एक चाक जमिनीवरून उचलले की डिफरेन्शियल त्या मोकळ्या चाकाला फिरू देते आणि ओढलेला हॅन्डब्रेकही गाडीला धरून ठेवू शकत नाही. म्हणून सपाट जागा निवडावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून उटी (अडवणारे ठोकळे) लावाव्यात, ॲक्सलखाली भक्कम घोडी ठेवावी आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.

त्यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, पुढच्या चाकांची ओढ बंद करावी आणि हॅन्डब्रेक सोडावा. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करावी. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक जमिनीवर स्थिर असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्या क्राऊनच्या एका फेरीइतक्या होतात. तेव्हा उचललेले चाक २० वेळा फिरवावे, तेवढ्यात शाफ्टच्या किती फेऱ्या झाल्या ते मोजावे आणि त्या संख्येला १० ने भागावे. ५३ आणि पाऊण फेरी आली तर गुणोत्तर ५.३८ आहे, ४८ आणि पाऊण आली तर ४.८८ आणि ४२ वर पाऊण आली तर ४.२७. लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना एकमेकांपासून फार वेगळे फिरू न देणाऱ्या) डिफरेन्शियलमध्ये ही रीत चालत नाही. तेथे दोन्ही चाके उचलून ती एकत्र फिरवावी लागतात आणि मग चाकाच्या १० फेऱ्यांचा हिशेब धरावा.

जाता जाता एक सूचना. गाडी चारही चाकांना ओढ देणारी असेल तर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर एकच असले पाहिजे. फक्त मागचे क्राऊन-पिनियन बदलून पुढचे तसेच ठेवले तर फोर-व्हील लावताच दोन्ही शाफ्ट एकमेकांविरुद्ध झगडतात आणि ट्रान्सफर केसचा घात होतो. मोजणी करतानाच पुढचे गुणोत्तरही ताडून पाहावे.

दुसरी संख्या टायरची. बाजूवर छापलेल्या मापावरून परीघ काढता येतो. २३५/७५ आर १५ या टायरचा व्यास ७३३ मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि परीघ सुमारे २.३० मीटर येतो. पण गाडीच्या वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे एका फेरीत कापले जाणारे अंतर कागदावरील परीघापेक्षा सुमारे तीन टक्के कमी असते. टायरमध्ये नेहमीची हवा भरावी, चालकाच्या जागी माणूस बसवावा, टायरच्या तळाशी आणि त्याखालील फरशीवर खडूची रेघ ओढावी, गाडी सरळ ढकलून चाकाच्या बरोबर १० फेऱ्या कराव्यात आणि अंतर टेपने मोजावे. या टायरला ते २२.३५ मीटरच्या आसपास येते, म्हणजे एका किलोमीटरला चाकाच्या ४४७ फेऱ्या.

तिसरी संख्या अनेकदा मीटरच्या तबकडीवरच, खालच्या कडेला, अगदी बारीक अक्षरांत छापलेली सापडते. अनेक अमेरिकी घडणीच्या मीटरांचा आकडा मैलाला १००० फेऱ्या, म्हणजे किलोमीटरला ६२१ फेऱ्या असा असतो, तर काही युरोपीय मीटरांना किलोमीटरला नेमक्या १००० फेऱ्या लागतात. ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या मीटरांवर मैलाला किती फेऱ्या हा आकडा असतो आणि तो मॉडेलनुसार बदलतो. तबकडीवर काहीच नसेल तर मीटर काढून टेबलावर घ्यावा, मागच्या चौकोनी भोकात त्याच मापाचा खिळा किंवा जुन्या केबलचा तुकडा घालून तो हाताने फिरवावा आणि किलोमीटरच्या आकड्यांतील शेवटचे, शंभर मीटरचे चक्र एक घर पुढे जायला किती फेऱ्या लागतात ते मोजावे. ६२ फेऱ्या लागल्या तर मीटर ६२१ चा आहे, १०० लागल्या तर १००० चा. चार-पाच घरे फिरवून सरासरी घेतली म्हणजे चूक राहत नाही.

आता या तिन्ही संख्यांची परीक्षा घेणारी सर्वांत खात्रीची चाचणी. तिच्यासाठी कागदाची एक झेंडी आणि ढकलायला दोन माणसे पुरतात. मीटरच्या मागचा केबलचा नट सोडवावा, आतील तारेचे चौकोनी टोक बाहेर काढावे आणि त्यावर चिकटपट्टीची छोटी झेंडी लावावी. सपाट रस्त्यावर ५० मीटर अंतर टेपने आखून घ्यावे, गाडी न्यूट्रलमध्ये सावकाश ढकलावी आणि आत बसलेल्याने एका हाताने स्टिअरिंग सरळ धरून झेंडीच्या फेऱ्या मोजाव्यात. अपुरी राहिलेली शेवटची फेरी पाव-अर्धी अशी अंदाजाने धरावी. आलेल्या संख्येला २० ने गुणले की किलोमीटरच्या फेऱ्या मिळतात. टायर, डिफरेन्शियल, वर्म आणि मीटर पिनियन यांचा एकत्रित परिणाम या एका आकड्यात उतरतो, त्यामुळे दात्यांची मोजणी कोठे चुकली असेल तर ती येथे लगेच उघडी पडते. केबल कोणत्या दिशेला फिरते तेही याच वेळी टिपून ठेवावे.

उदाहरण घेऊ. मीटर ६२१ चा आहे, टायर किलोमीटरला ४४७ फेऱ्या घेतो, वर्मचे दाते ४ आहेत आणि मीटर पिनियनचे १५. मूळ ४३-८ च्या जोडीने प्रॉपेलर शाफ्टच्या किलोमीटरला २४०३ फेऱ्या होत होत्या. त्यांना ४ ने गुणून १५ ने भागले की केबलच्या ६४१ फेऱ्या येतात, म्हणजे मीटर तीन टक्के जास्त दाखवत होता. ४७-११ ची जोडी बसवल्यावर शाफ्टच्या फेऱ्या १९१० वर आल्या आणि केबलच्या ५०९ वर. ५० मीटरच्या चाचणीत झेंडी साडेपंचवीस वेळा फिरेल. हव्या असलेल्या ६२१ ला मिळणाऱ्या ५०९ ने भागले की १.२२ येतात. मीटर आता अठरा टक्के कमी दाखवतो आणि केबल १.२२ पट वेगाने फिरवणे आवश्यक आहे.

पहिला आणि उत्तम उपाय म्हणजे मीटर पिनियन बदलणे. किती दात्यांचे हवे ते काढण्यासाठी सध्याच्या दात्यांना या आकड्याने भागावे. १५ भागिले १.२२ म्हणजे १२.३. दाते पूर्णांकातच मिळतात, तेव्हा १२ किंवा १३ यांतून निवड करावी लागते. १२ दात्यांच्या पिनियनने केबलच्या ६३७ फेऱ्या होतील आणि मीटर अडीच टक्के जास्त दाखवेल. १३ ने ५८८ होतील आणि मीटर पाच टक्क्यांहून अधिक कमी दाखवेल. येथे जवळचा आकडा आणि सुरक्षित आकडा दोन्ही १२ च आहेत. पण जवळचा आकडा कमी दाखवण्याच्या बाजूचा असला, तरी मी जास्त दाखवणाराच निवडण्याचा आग्रह धरेन. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमाचे तत्त्वही हेच आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, आणि जास्त दाखवला तरी खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटर यापुढे जाऊ नये. ताशी ८० ला काटा ८० ते ९२ च्या दरम्यान असावा असा त्याचा अर्थ होतो. टायर झिजला की त्याचा परीघ घटतो आणि वाचन आणखी थोडे वर सरकते, म्हणून नव्या टायरवर दोन-तीन टक्के जास्त ही मर्यादा मला योग्य वाटते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११७ वा नियम गाडीला स्पीडोमीटर बंधनकारक करतो.

पिनियन बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण घाईचे नाही. केबल ट्रान्सफर केसमध्ये जेथे शिरते तो भाग आधी डिझेलने धुऊन पुसून घ्यावा, कारण तेथील चिखल आत पडला तर तो थेट बेअरिंगपर्यंत जातो. खाली भांडे ठेवावे, थोडे तेल गळणारच. केबलचा नट काढून बुश (पिनियन धरून ठेवणारी नळी) योग्य मापाच्या पान्याने सोडवावा आणि पिनियन बाहेर काढून त्याचे दाते बोटाने चाचपून पाहावेत. नायलॉनचे दाते एका बाजूने झिजून धारदार झाले असतील तर वर्मही तपासावा, अन्यथा नवे पिनियनही तसेच कुरतडले जाईल. नवे पिनियन जुन्याशेजारी ठेवून दात्यांचा तिरपेपणा त्याच दिशेचा आहे, दांड्याची जाडी तीच आहे आणि केबलचे चौकोनी भोक त्याच मापाचे आहे हे ताडावे. दाते कमी झाले की पिनियनचा व्यासही कमी होतो. काही गाड्यांत त्यासाठी बुशमधील भोक मध्यापासून सरकवलेले असते आणि बुशच्या कडेवर दात्यांच्या संख्या कोरलेल्या असतात. अमेरिकी क्रायस्लरच्या गिअरबॉक्समध्ये दात्यांच्या संख्येनुसार असे गट असतात आणि आपल्या पिनियनचा गट खालच्या बाजूला येईल असा बुश फिरवून बसवावा लागतो. हे न पाळता बसवलेले पिनियन एक तर वर्मला भिडत नाही किंवा त्यावर दाबले जाऊन काही दिवसांत भुगा होते. बुशच्या ओ-रिंग आणि ऑइल सील नवीनच घालावेत. जुन्या सीलमधून तेल केबलच्या नळीत चढते, हळूहळू मीटरपर्यंत पोहोचते आणि चुंबकाच्या वाटीला चिकटून काटा अडकवते. पिनियन हाताने फिरवत आत सरकवावे, हातोडी वापरू नये. शेवटी ट्रान्सफर केसच्या तेलाची पातळी पाहून कमी झालेले भरून द्यावे.

वर्म बदलूनही हेच साधता येते, पण मी तो मार्ग शेवटचा मानतो. त्यासाठी प्रॉपेलर शाफ्ट, हॅन्डब्रेकचा ड्रम, योक आणि बेअरिंगचे झाकण हे सगळे काढावे लागते. झाकणाखालील पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) आउटपुट शाफ्टचा ढिलेपणा ठरवतात आणि त्यांतील एकही हरवली तर स्पीडोमीटरच्या कामातून बेअरिंगचे काम उद्भवते. ड्रम दुसऱ्या कारणासाठी उघडलाच असेल तरच त्याचा विचार करावा.

हव्या त्या दात्यांचे पिनियन मिळत नाही ही अडचण जुन्या गाड्यांत नेहमीच येते. अशा वेळी केबलच्या वाटेत बसणारी छोटी गुणोत्तर पेटी वापरावी. तिच्यात दोन किंवा अधिक गिअर असतात आणि एका बाजूने आलेल्या फेऱ्या ठरावीक पटीत दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. आपल्या उदाहरणात १५ दात्यांचे पिनियन तसेच ठेवून ५ ला ४ अशी, म्हणजे सव्वापट वेग देणारी पेटी घातली तर ५०९ चे ६३७ होतात, म्हणजे १२ दात्यांच्या पिनियनइतकाच परिणाम मिळतो. पेटी घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. उलटी बसवली तर हीच पेटी वेग सव्वापट वाढवण्याऐवजी चार-पंचमांश करते, त्यामुळे कोणते तोंड गिअरबॉक्सकडे हे आधी हाताने फिरवून निश्चित करावे. तसेच काही पेट्यांत फिरण्याची दिशा पालटते. तशी पेटी लागली तर काटा शून्याच्या खिळ्यावरच दाबला जातो आणि आकडे मागे फिरू लागतात, म्हणून झेंडीच्या चाचणीत टिपलेली दिशा येथे कामी येते. पेटी ट्रान्सफर केसच्या तोंडाशीच घट्ट बसवावी. केबलच्या मध्ये लोंबकळत ठेवली तर तिच्या वजनाने केबल तुटते.

केबल काढलीच आहे तर आतील तार पूर्ण बाहेर घेऊन पुसावी, सपाट फरशीवर ठेवून बोटांनी लोळवावी आणि ती कोठे उड्या मारते का ते पाहावे. उडी म्हणजे बाक, आणि बाक म्हणजे थरथरणारा काटा. अशी तार सरळ करत बसू नये, नवीनच घालावी. ग्रीस खालच्या दोन-तृतीयांश भागालाच पातळ लावावे आणि मीटरकडचा भाग कोरडा ठेवावा. केबलची वळणे ऐसपैस असावीत आणि ती सायलेन्सरच्या नळीपासून दूर बांधावी.

ज्या गाड्यांत केबल नसून गिअरबॉक्सच्या आउटपुटवर सेन्सर आहे, तेथे दात्यांऐवजी विजेच्या ठोक्यांचा हिशेब असतो, पण रीत तीच. सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये बसणारा ठोके बदलणारा संच वापरून ठोक्यांची संख्या हव्या त्या पटीत वाढवता किंवा घटवता येते, आणि त्याला पूर्ण दात्यांचे बंधन नसल्यामुळे एक-अर्ध्या टक्क्याची अचूकताही साधते. इंजिनाचा किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा संगणक हीच खूण वापरत असेल, तर संच अशा जागी जोडावा की दुरुस्त झालेले ठोके त्यालाही मिळतील. अन्यथा मीटर बरोबर दिसतो, पण गिअर चुकीच्या वेगाला बदलतात. काही गाड्यांत, उदाहरणार्थ २००७ पासूनच्या जीप रँग्लरमध्ये, ॲक्सलचे गुणोत्तर आणि टायरचे माप निदान यंत्राद्वारे गाडीच्या संगणकात भरता येते. तेथे वायर कापण्याची गरजच नसते. यांतील कोणत्याही उपायात आधी नोंदलेले किलोमीटर बदलू नयेत. ज्या दिवशी क्राऊन-पिनियन बदलले आणि ज्या दिवशी मीटर दुरुस्त झाला, त्या दोन्ही दिवसांचे आकडे सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे मधल्या अंतराची दुरुस्ती नंतरही करता येते. गाडीत फेरफार करताना नोंदणीपत्रातील तपशील बदलत असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चे ५२ वे कलम पाहून आरटीओकडे विचारणा करावी.

काम झाल्यावर रस्त्यावर पडताळणी करावी. मोबाइलमधील जीपीएस मोकळ्या, सरळ रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना विश्वासार्ह असते. वळणावर, बोगद्यात किंवा वेग वाढवताना त्याचा आकडा मागे राहतो. जीपीएसचा वेग शेजारी बसलेल्याने वाचावा आणि ४०, ६० व ८० या तीन वेगांना काटा कोठे आहे ते लिहावे. मोबाइल नसला तर किलोमीटरचे दगड पुरतात. वेग स्थिर ठेवून एका दगडापासून दुसऱ्यापर्यंतचे सेकंद मोजावेत आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागावे. ६० सेकंद लागले तर वेग ताशी ६०, ४८ लागले तर ताशी ७५. किलोमीटरच्या आकड्यांसाठी निदान २० किलोमीटरचे अंतर घ्यावे, कारण एका दगडाची जागा थोडी सरकलेली असली तरी लांब अंतरात ती चूक विरून जाते.

काटा आणि किलोमीटर दोन्ही सारख्याच टक्क्यांनी चुकत असतील तर केबलच्या फेऱ्यांचा हिशेब कोठेतरी चुकला आहे, तेव्हा पुन्हा झेंडीची चाचणी करून दाते मोजावेत. किलोमीटर बरोबर पण काटा सर्व वेगांना कमी दाखवत असेल, तर जुना चुंबक क्षीण झाला आहे, आणि काटा सतत जास्त दाखवत असेल तर स्प्रिंग थकली आहे. चांगल्या मीटरवाल्याकडे मीटर सोपवण्याची खरी वेळ हीच, कारण आता तो काट्याची दुरुस्ती योग्य फेऱ्यांच्या आधारावर करणार आहे. काटा बरोबर पण किलोमीटर कमी भरत असतील तर आकड्यांच्या गिअरचा दाता निसटतो आहे. आणि आकडे बरोबर असूनही काटा ताशी ३० ते ४० च्या आसपास नाचत असेल, तर मीटर किंवा पिनियन उघडण्यापूर्वी केबलच्या वळणांना आणि नटाच्या घट्टपणाला एकदा हात लावून पाहावा.